टायरवरचे नाव आणि टायरवरचे आकडे

खड्ड्यात एक टायर फाटला की दुकानात दोन सल्ले हमखास मिळतात. एक, ‘चारही बदलून टाका.’ दुसरा, ‘माप तेच आहे ना, मग कुठलाही चालतो.’ दोन्हींत थोडेथोडे तथ्य आहे, म्हणूनच ते इतके टिकून आहेत.

“चारही टायर एकाच कंपनीचे नसले तर गाडी धोक्याची.”

शोरूममधून गाडी येते तेव्हा चारही चाकांवर बहुधा एकच नाव असते, त्यामुळे ही समजूत सहज पटते. पण गाडीच्या चालीत फरक पडतो तो नावाने नव्हे. रबर किती कडक, खाचा कशा आणि टायरची बाजू किती ताठ, यांनी. या गोष्टी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही बदलतात. जास्त किलोमीटर चालावा म्हणून एकाचे रबर कडक ठेवतात, ओल्या रस्त्यावर पकड मिळावी म्हणून दुसऱ्याचे मऊ. जुळवायचे असते ते मॉडेल, आणि तेही आधी एका ॲक्सलवर. पुढच्या दोन चाकांची पकड वेगवेगळी असेल तर जोरात ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढू शकते. पुढची जोडी एका कंपनीची आणि मागची दुसऱ्या कंपनीची, हे बहुतेक साध्या गाड्यांना चालते. माप, प्रकार, भार आणि वेगाची क्षमता मात्र गाडीला नेमून दिलेलीच हवी.

“कंपनी तीच, माप तेच, म्हणजे जोडी जमली.”

१८५/६५ आर १५ मापाच्या टायरचा व्यास साधारण ६२१ मिलिमीटर भरतो. नव्या टायरची नक्षी ८ मिलिमीटर खोल आणि शेजारचा टायर झिजून ३ मिलिमीटरवर आलेला असेल, तर व्यासात १० मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणजे झिजलेले चाक दर किलोमीटरला सुमारे ८ फेरे जास्त मारते. साध्या गाडीत ही तफावत डिफरन्शियल सांभाळून घेतो, पावसातल्या पकडीतली तफावत मात्र उरतेच. ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीचे प्रकरण वेगळे. तिथे पुढच्या आणि मागच्या चाकांतला असा फरक दोन्ही ॲक्सलमधल्या जोडणीवर येतो आणि ती तापत, झिजत राहते. अशा गाडीसाठी ‘चारही बदला’ हा सल्ला दुकानदाराचा लोभ नसून खरोखरचा हिशेब असू शकतो.

“दोनच नवे घेतले तर ते पुढे बसवायचे.”

सर्वांत हट्टी गैरसमज हाच, आणि त्यामागचे तर्कही वरवर बिनतोड: इंजिन पुढे, स्टिअरिंग पुढे, ब्रेकचा बहुतेक भार पुढे, पुढचे टायर झिजतातही लवकर. तरीही टायर कंपन्यांचा सर्वसाधारण सल्ला नवी जोडी मागे लावण्याचा आहे, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांसाठीसुद्धा. कारण पाऊस. जुलैत मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पाण्याचा थर साचलेला असताना झिजलेल्या खाचांना पाणी पुरेसे बाहेर टाकता येत नाही आणि चाक पाण्यावर तरंगू लागते. पुढची चाके तरंगली तर स्टिअरिंग हातात हलके लागते, गाडी वळायचे सोडून सरळ जाऊ लागते. घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय निघाला की वेग उतरतो आणि पकड बहुधा परत येते. मागची चाके तरंगली तर स्टिअरिंगला आधी काहीच कळत नाही. गाडीची शेपूट एकदम बाहेर फेकली जाते, आणि तोच घाबरलेला पाय वजन पुढे ढकलून मागची बाजू आणखी हलकी करतो. सराईत चालकालाही ही गिरकी सावरणे कठीण. पुढे आणलेली जुनी जोडी अर्थात धड असली पाहिजे. ती गुळगुळीत असेल तर दोन नव्हे, चार टायरांचा खर्च आहे. मागचे टायर काढून पुढे लावायचे काम वाढते म्हणून दुकानात कुरकुर होते, ती होऊ द्यावी.

“वेगवेगळ्या कंपन्यांचे टायर दिसले की आरटीओ दंड करतो.”

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ९४ मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर असावी असे सांगतो. कंपनी एकच असावी असे सांगत नाही. समृद्धी महामार्गावर परिवहन विभागाने टायर तपासून गाड्या अडवल्या, त्याही गुळगुळीत टायरांमुळे.

“स्टेपनी कधी वापरलीच नाही, म्हणजे ती नवीच.”

नक्षी कोरी दिसते, म्हणून फसगत होते. रबर डिकीत पडूनही म्हातारे होते, कडक होते. टायरच्या बाजूवर ‘डॉट’ अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१७ म्हणजे २०१७ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. तो आजच्या नव्या टायरशेजारी कायमचा बसवला तर नाव, माप, नक्षी सगळे जुळूनही जोडी विजोडच. शिवाय अलॉय चाकांच्या कित्येक गाड्यांत स्टेपनी मुळातच लहान मापाची असते आणि तिच्यावर ८० किलोमीटर वेगाच्या मर्यादेचा स्टिकर असतो. ती पंक्चरच्या दुकानापर्यंत पोहोचण्यापुरतीच.