कागदावरची खुर्ची लाकडात उतरते तेव्हा...

भंडारा : धान, तलाव आणि पितळी भांडी ही भंडारा जिल्ह्याची ओळख. सागवान आणि बांबू ही येथील जंगलांची संपत्ती. लाकूड घडविणारे सुतार आणि सुपे-टोपल्या विणणारे बुरड ही तर येथील जुनी परंपरा. मात्र, एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षा देणाऱ्या येथील मुलांना 'फर्निचर डिझाइन' म्हणजे संगणकावर नकाशे काढणे, एवढेच ठाऊक असते. प्रत्यक्षात हा विषय करवत आणि रंधा हाती घेऊनच शिकावा लागतो.

परंपरा जुनीच

मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेची स्थापना १८५७ची. तेथे १८९१ मध्ये 'रे आर्ट वर्कशॉप्स' सुरू झाली आणि चित्र-शिल्पाबरोबर हस्तकौशल्यालाही स्थान मिळाले. जर्मनीत १९१९ मध्ये स्थापन झालेल्या 'बाउहाउस' या कलाशाळेत प्रत्येक कार्यशाळेला एक कलावंत आणि एक कसबी कारागीर असे दोन गुरू असत. तेथील सुतारशाळेचा विद्यार्थी मार्सेल ब्रॉयर पुढे त्याच विभागाचा प्रमुख झाला. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ मध्ये उभी राहिली. नामवंत काष्ठशिल्पी जॉर्ज नाकाशिमा यांनी १९६४ मध्ये तेथे येऊन फर्निचर रचले. पवईच्या आयआयटीत १९६९ मध्ये औद्योगिक डिझाइन केंद्र सुरू झाले.

लाकूडच शिकविते

विद्यार्थी आधी कागदावर आराखडा काढतो, मग पुठ्ठ्याची छोटी प्रतिकृती करतो. त्यानंतर पूर्ण मापाचा कच्चा नमुना करून त्यावर स्वतः बसून पाहतो. बैठकीची उंची दोन-तीन सेंटिमीटरने चुकली, तरी मांड्यांना काच बसतो. ही चूक नकाशात दिसत नाही, शरीराला कळते.

लाकडाचा स्वभावही असाच कळतो. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. तेही रेषांना आडवे अधिक, लांबीत जवळजवळ नाही. विदर्भातील कडक उन्हाळा आणि ओला पावसाळा पाहता हा फरक मोठा ठरतो. म्हणूनच कपाटाच्या दाराची फळी चौकटीत सरसाने पक्की न चिकटविता खाचेत सैल बसवितात. घट्ट बसविल्यास ती तडकते. ज्याने आपल्या हाताने घडविलेले दार तडकलेले पाहिले, तो हा नियम विसरत नाही.

बांबूचे गणित वेगळे

बांबू गोल, गाठींचा आणि बहुधा पोकळ. लाकडाचे सांधे त्याला जसेच्या तसे चालत नाहीत. सरळ खिळा ठोकला तर तो उभा चिरतो. त्यातील पिष्टमय द्रव्यामुळे भुंगा लागतो, म्हणून बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या द्रावणाची प्रक्रिया करावी लागते. कोणता बांबू किती वाकतो, कोठे चिरायचा, हे बुरडाच्या हातांना ठाऊक असते. प्लॅस्टिकच्या टोपल्यांनी त्याचा बाजार हिरावला, पण हे ज्ञान जुने झालेले नाही.

जिल्ह्याला काय?

आयटीआयमधील सुतारकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम दिलेल्या नकाशाबरहुकूम वस्तू करायला शिकवितो. ती वस्तू तशीच का असावी, हा प्रश्न डिझाइनचे शिक्षण विचारते. दोन्ही एकत्र आले, तरच कारागिराला आपल्या कल्पनेचे मोल मिळते. राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या पदवीसाठी बारावीची कोणतीही शाखा चालते आणि प्रवेशाच्या अंतिम टप्प्यात हाताने वस्तू घडविण्याचे कौशल्यही तपासले जाते. चंद्रपूरनजीक चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. शिवाय २०१७ मधील कायदादुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरील बांबू 'वृक्ष' या व्याख्येतून वगळल्याने शेतातील बांबू तोडणे व नेणे सुलभ झाले.

कच्चा माल आणि कसब दोन्ही जिल्ह्यात आहे. वडिलांच्या हाताखाली रंधा मारणाऱ्या मुलाला ते काम म्हणजे शिक्षणातील अडथळा वाटते. वास्तविक, डिझाइनच्या शिक्षणाचा पहिला धडा त्याने घरीच गिरविलेला असतो.