आजी ‘पानी’ म्हणते, मोबाइल ‘पाणी’ लिहितो

एआय मराठी शिकतोय, हे आता जुनं झालं. पण कुणाची मराठी? पेण-रोह्याच्या पट्ट्यात हा प्रश्न घरबसल्या तपासता येतो. आणि त्याचं उत्तर शोधण्यासाठी लागणारं भाषाविज्ञानाचं नवं शिक्षण तुमच्या-आमच्यासारख्यांच्या आवाक्यातलं आहे.

दिवा-रोहा गाडीत पेणला चढायचं. खिडकी मिळाली तर ठीक, नाही तर दाराशी उभं राहायचं आणि हेडफोन खिशात ठेवायचे. पेण, कासू, नागोठणे, रोहा. अंतर फार नाही. पण तेवढ्यात डब्यात किती तऱ्हेची मराठी कानावर पडते, ते मोजून बघा. खारेपाटातली मासळीवाली मावशी जागेवरून आगरीत हुज्जत घालत असते. धाटावच्या कंपनीत शिफ्टला निघालेला दादा घाटावरच्या मराठीत फोनवर बोलत असतो. दारापाशी बसलेलं कातकरी कुटुंब आपापसात निराळंच काही बोलतं आणि तिकीट तपासनीस आला की चटकन आपल्यासारखं बोलायला लागतं. आणि आम्ही कॉलेजवाले? मराठी, हिंदी, इंग्रजीची मिसळ, वर तर्री.

मागच्या सुट्टीत मी एक उद्योग केला. आजीला ओट्यावर बसवलं, मोबाइलचं बोलून टाइप करायचं बटण दाबलं आणि म्हटलं, बोल काहीतरी. आजी आगरी. ती म्हणाली, ‘गारी आली, मना पानी दे.’ स्क्रीनवर उमटलं, ‘गाडी आली, मला पाणी दे.’ मी खूश! केवढं हुशार मशीन! आजीला वाचून दाखवलं. तिनं ऐकलं आणि म्हणाली, ‘माजा नाय.’

मी हसलो. मग हसू थांबलं. कारण शाळेत असताना माझ्या ‘पानी’चं ‘पाणी’ असंच झालं होतं. वर्ग हसला होता आणि त्यानंतर मी घराबाहेर ‘मना’ म्हणणं सोडलं. जे वर्गानं केलं तेच आता खिशातलं मशीन करत होतं, फक्त न हसता.

मशीन बरोबर, तरी चूक

हे होतं कसं? बोलण्याचं लिखाण करणारी यंत्रणा नुसता आवाज ऐकत नाही. याआधी तिनं जे ऐकलं-वाचलंय त्यावरून इथे कोणता शब्द असण्याची शक्यता जास्त, याचाही अंदाज बांधते. ओपनएआयची ‘व्हिस्पर’ ही यंत्रणा २०२२ मध्ये आली तेव्हा ती सुमारे ६ लाख ८० हजार तासांच्या आवाजावर शिकवलेली होती. त्यातला मोठा वाटा इंग्रजीचा. मराठी त्या मानाने थोडी, आणि जी आहे तीही इंटरनेटवर सापडणारी. खारेपाटातल्या ओट्यावरची त्यात कितीशी असणार? अशा यंत्रणेपुढे आवाज अंधूक असला किंवा शब्द अनोळखी असला, की ती ओळखीच्या शब्दाकडे झुकते. म्हणून ‘गारी’ची ‘गाडी’.

सिनेमाला सबटायटल हवं असेल तर हे झकास काम आहे. पण भाषेचा अभ्यास करणाऱ्यासाठी मशीननं पुरावाच पुसून टाकला. आगरीत ‘ण’चा ‘न’ होतो, ‘ळ’चा ‘ल’ होतो, म्हणून डोळ्याचा ‘डोला’. दोन स्वरांमधला ‘ड’ ‘र’सारखा ऐकू येतो, म्हणून घोड्याचा ‘घोरा’. आणि ‘काय झालं?’चं होतं ‘काय झाला?’ इथे तर गंमतच आहे. व्याकरण ओळखणारं सॉफ्टवेअर ‘झाला’ बघून पुल्लिंग म्हणून मोकळं होईल. आजीच्या बोलीत मात्र ते नपुंसकलिंगाचंच रूप आहे. हे नियम आहेत, नेमानं पाळले जाणारे. त्यांना गबाळेपणा म्हणायचं की व्याकरण, इथूनच भाषाविज्ञान सुरू होतं.

आता एक छोटं गणित. अशा यंत्रणांची परीक्षा घेताना दर शंभर शब्दांमागे किती शब्द चुकले, ते मोजतात. आजीचं वाक्य पाच शब्दांचं. गारी, मना, पानी हे तीन बदलले. म्हणजे ६० टक्के चूक. पण समजा, उत्तरपत्रिका तयार करणाऱ्यानंच आजीचं वाक्य ‘शुद्ध’ करून लिहून ठेवलं असतं तर? चूक शून्य टक्के! आवाज तोच, मशीन तेच. म्हणून कुठल्याही एआय साधनाची टक्केवारी ऐकली की पहिला प्रश्न विचारायचा: उत्तरपत्रिका कुणी लिहिली?

ग्रियर्सन ते डेक्कन कॉलेज

बोली गोळा करण्याचं काम काही आजचं नाही. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ मध्ये निघाला. आपला जिल्हा तेव्हा कुलाबा होता (रायगड हे नाव १९८१ पासूनचं). आगरीची नोंद त्या खंडात आहे. पण पद्धत बघा. बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट सगळीकडे पाठवायची आणि सरकारी यंत्रणेमार्फत तिचा बोलीतला अनुवाद मागवायचा. तुलना करायला सोपं, पण माणसं खरोखर कशी बोलतात ते यातून किती कळणार? पुढे डॉ. अ. मा. घाटगे यांनी १९६० च्या दशकापासून कुडाळी, ठाण्याची वारली, कासारगोडची मराठी अशा एकेका बोलीची स्वतंत्र पुस्तकं केली. तिथे ध्वनी, व्याकरण, शब्द यांची बारीक नोंद आली.

अलीकडचं मोठं काम पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेबरोबर हाती घेतलेलं मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण. यात जिल्ह्याजिल्ह्यांतली गावं निवडली, वेगवेगळ्या वयाच्या आणि समाजांच्या स्त्री-पुरुषांना भेटून शब्द विचारले, छोट्या चित्रफिती दाखवून ‘यात काय चाललंय?’ असं विचारलं, आठवणी सांगायला लावल्या. ध्वनिमुद्रणं आणि बोलींचे नकाशे सगळ्यांसाठी खुले ठेवलेत. चित्रफितीची युक्ती मला फार आवडली. ‘पाणी’ हा शब्द तुम्ही उच्चारलात, की समोरचा तुमच्यासारखाच ‘पाणी’ म्हणतो. चित्र दाखवलं की त्याचा तो बोलतो.

एआयच्या दुनियेतही हाच धडा पुन्हा शिकावा लागतोय. मेटानं २०२३ मध्ये अकराशेहून जास्त भाषांसाठी बोलणं ओळखणारी यंत्रणा जाहीर केली, तेव्हा शिकवायला वापरली ती प्रामुख्यानं नव्या कराराच्या वाचनाची ध्वनिमुद्रणं. म्हणजे शंभरेक वर्षांनी पुन्हा बायबल! कारण साधं आहे, एवढ्या भाषांत तयार मिळणारा मजकूर तोच. याउलट बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था गूगलच्या मदतीनं ‘वाणी’ प्रकल्पात जिल्हावार आवाज गोळा करते, ते लोकांना चित्रं दाखवून. वाचलेली भाषा आणि बोललेली भाषा यांत ओट्याइतकं आणि व्यासपीठाइतकं अंतर असतं.

शिकायचं म्हणजे नेमकं काय?

मायक्रोफोन धरण्यापासून. पंखा बंद, कोंबड्या लांब, फोन फ्लाइट मोडवर. फाइल दाबून लहान न करता मूळ ‘वेव्ह’ स्वरूपात जपायची. कोण, कुठलं गाव, वय किती, माहेर कुठलं, हे लिहून ठेवायचं. माहेर का? कारण आपल्याकडे बाया लग्न होऊन दुसऱ्या गावात येतात आणि बोली बरोबर घेऊन येतात.

मग ‘प्रात’. ॲमस्टरडॅममध्ये तयार झालेलं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात आवाजाचं चित्र दिसतं. आजीच्या ‘गारी’तला ‘र’ हा ‘घर’मधलाच ‘र’ आहे, की जीभ मागे वळवून झटक्यात टेकवलेला ‘ड’? कानाला चकवा बसतो. चित्रात जीभ मागे वळल्याची खूण शोधता येते. एवढा एक प्रश्न, वीस माणसं, दोन गावं. एमएचा उत्तम प्रबंध होऊ शकतो!

तिसरं साधन ‘इलान’. नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक संस्थेचं, तेही फुकट. यात आवाजाखाली ओळी लावता येतात. पहिल्या ओळीत जसंच्या तसं बोलणं, दुसऱ्या ओळीत प्रमाण मराठी, तिसरीत व्याकरणाची नोंद. आजी आणि मशीन दोघांनाही जागा मिळते. कुणी कुणाला खोडत नाही.

आणि एआय येतो तो यानंतर. एका तासाचं बोलणं हातानं लिहायला कित्येक तास जातात. मशीननं कच्चा मसुदा दिला तर वेळ वाचतो. पण आधी दहा मिनिटं स्वतः कानानं लिहायची आणि मगच मशीनचा मसुदा उघडायचा. उलट केलं तर मशीननं लिहिलेलंच आपल्याला ऐकू यायला लागतं. मी करून पाहिलंय. ‘पाणी’ वाचल्यावर मलाही आजी ‘पाणी’च म्हणाल्यासारखी वाटली. पुढची पायरी म्हणजे नीट लिहिलेलं बोलणं देऊन तयार यंत्रणेला बोलीची सवय लावणं. पुण्यात ‘एलथ्रीक्यूब’ या गटानं विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन मराठीसाठी ‘महाबर्ट’सारखी खुली मॉडेल्स केली. आयआयटी मुंबईत मराठी शब्दजाळ्याचं काम झालंय. कोडिंग येणारी पोरं आपल्याकडे कमी नाहीत. बोली येणारीही आहेत. दोन्ही येणारी हवीत.

रोह्याच्या वाडीवरचा प्रश्न

माझी एक मैत्रीण रोह्याची. भाषाविज्ञान शिकते. कातकरी बोलण्याची नोंद करायला ती जवळच्या वाडीवर गेली. पहिल्यांदा गेली तेव्हा वाडी जवळजवळ रिकामी. दिवाळीनंतर घरंच्या घरं वीटभट्ट्यांवर गेलेली. सर्वेक्षणाचं वेळापत्रक कॉलेजच्या सुट्टीवर नाही, वाडीच्या पोटापाण्यावर ठरतं, हा तिचा पहिला धडा.

दुसऱ्यांदा गेली तेव्हा एका म्हाताऱ्या बाईंनी तिला विचारलं, हा माझा आवाज जाणार कुठं? तिनं छापील संमतीपत्र पुढे केलं. बाईंना वाचता येत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मैत्रिणीलाही नीट उत्तर येत नव्हतं. खुल्या साठ्यात टाकलेला आवाज कुठली कंपनी कशासाठी वापरेल, हे ती कशी सांगणार? त्या दिवशी तिनं रेकॉर्डर बंद केला, चहा घेतला आणि परत आली.

महाराष्ट्रात कोलाम, माडिया गोंड आणि कातकरी असे तीन समाज ‘विशेष असुरक्षित’ आदिवासी गटांत मोडतात. काताच्या धंद्यावरून ज्यांना हे नाव मिळालं, त्यांच्याकडून इतरांनी आजवर बरंच काही नेलं. आता आवाजही नेणार का? केंद्राच्या ‘आदिवाणी’ या अनुवाद उपक्रमाची २०२५ मध्ये सुरुवात झाली, ती संताली, भिली, मुंडारी आणि गोंडीपासून. कातकरीचा नंबर कधीतरी लागावा असं वाटतं. पण तो लागेल तेव्हा नोंदी कुणी केल्या असतील आणि पैसे कुणाला मिळाले असतील, हेही तितकंच महत्त्वाचं. पर्याय आहेत. ‘कार्य’ या संस्थेनं गावातल्या लोकांना भाषेच्या कामाचा मोबदला देण्याची पद्धत रुळवली. संमती तोंडी, त्यांच्याच भाषेत घेता येते. ‘हे खुलं, हे फक्त वाडीपुरतं, हे पुसून टाक’ असं ठरवण्याचा हक्क बोलणाऱ्याकडे ठेवता येतो. प्रशिक्षणात हे शेवटच्या तासाला नको, पहिल्या तासाला हवं.

मैत्रीण तिसऱ्यांदा गेली ती लॅपटॉप घेऊन. वाडीतल्या नववीतल्या दोन पोरींना तिनं रेकॉर्डर कसा चालवायचा ते शिकवलं. त्या बाईंशी बोलायला आता त्या पोरीच बसतात. फाइल पोरींच्या शाळेच्या पेनड्राइव्हवर राहते. मैत्रिणीचा प्रबंध लांबलाय. ती म्हणते, चालेल.

उतरायच्या आधी

रोह्याहून कुंडलिका खाली रेवदंड्याच्या खाडीला मिळते. तिथल्या कोर्लईत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिसळीतून तयार झालेली भाषा आजही एका गावानं जपलीय. पोर्तुगीज १७४० मध्ये गेले, भाषा राहिली. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन अभ्यासकानं तिच्यावर १९९६ मध्ये ग्रंथ लिहिला. परदेशातून माणूस येऊन आपल्या खाडीकाठी बसून भाषा शिकतो. आपण तर तिथेच राहतो.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. छानच झालं. पण अभिजात मराठीच्या अंगणात आजीचं ‘पानी’ही आहे, आणि ते नोंदवायला आपल्याकडे वेळ थोडा आहे.

सुरुवात करायची असेल तर

* घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाला आधी विचारा, मग रेकॉर्डर लावा. पहिला विषय सोपा: लग्न, पूर, गणपती, मिठागर.
* पाच मिनिटं पुरेत. ती जशीच्या तशी लिहा. ‘दुरुस्त’ करू नका.
* मग तेच मशीनला ऐकवा. फरक लाल पेनानं मांडा. ती तुमची पहिली संशोधन-वही.
* प्रात आणि इलान उतरवून घ्या. दोन्ही साध्या लॅपटॉपवर चालतात.
* डेक्कन कॉलेजच्या संग्रहात आपल्या जवळचं गाव शोधा, ऐका.
* पुढे शिकायचं असेल तर पुण्यात डेक्कन कॉलेज आणि मुंबई विद्यापीठात भाषाविज्ञान विभाग आहे.

मी आजीचं ते वाक्य पुन्हा लिहिलं, या वेळी हातानं. गारी, मना, पानी. वाचून दाखवलं. आजीनं मान डोलावली आणि तांब्या पुढे केला. पाणी अजून दिलंच नव्हतं मी.