एकच मर्यादा, दोन खाती

वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतील अनेक मराठी घरांत ४०१(के) योजनेचा अर्ज उघडला जातो. पगारातील किती टक्के रक्कम करपूर्व ठेवावी आणि किती रॉथ खात्यात, याच्या दोन चौकटी त्यात असतात. कित्येक जण निम्मे-निम्मे भरून मोकळे होतात. वर्गणी मर्यादेच्या जवळ गेली, की हा निष्काळजीपणा महाग पडू शकतो.

२०२६ साठी ही मर्यादा २४,५०० डॉलर आहे आणि ती दोन्ही खात्यांना मिळून एकच आहे. कंपनी स्वतः जी भर घालते ती यात धरली जात नाही. करपूर्व रकमेवर आज कर वाचतो, पण काढताना वाढीसकट भरावा लागतो. रॉथमध्ये कर आधीच चुकता झालेला असतो. खात्याला पाच वर्षे होऊन वयाची साडेएकोणसाठ वर्षे उलटली, की सारी रक्कम करमुक्त हाती येते.

आकडा एकच असला तरी त्याचे वजन वेगळे, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही. आज आणि निवृत्तीनंतरही कराचा दर २२ टक्केच राहील असे धरले, तर करपूर्व २४,५०० पैकी ५,३९० डॉलर सरकारचेच, स्वतःचे १९,११०. रॉथमधले २४,५०० मात्र संपूर्ण आपले. आज वाचलेले ५,३९० वेगळे गुंतवणाऱ्याची गोष्ट निराळी. पण ते बहुधा भारतवारीत आणि स्वयंपाकघराच्या नूतनीकरणात विरघळतात!

तरीही सरसकट रॉथ हे उत्तर नव्हे. एखाद्या दांपत्याचे, एकत्रित विवरणपत्रातील प्रमाणित वजावटीनंतरचे करपात्र उत्पन्न १,१२,८०० डॉलर आहे असे समजावे. २०२६ मध्ये २२ टक्क्यांचा टप्पा १,००,८०० च्या वर सुरू होतो. म्हणजे पहिले १२,००० करपूर्व ठेवल्यास २,६४० डॉलर वाचतात. उरलेल्या १२,५०० वर मात्र वाचणार ते १२ टक्क्यांनीच. ती रक्कम रॉथमध्ये घालणे अधिक शहाणपणाचे. राज्याचा कर वेगळा पाहावा लागतो. पेनसिल्व्हेनियात तर ४०१(के)मध्ये गेलेल्या पगारावरही राज्य कर घेतेच.

पन्नाशी गाठलेल्यांना ८,००० डॉलर अधिक भरता येतात. साठ ते त्रेसष्ट वयात ११,२५०. मात्र ज्यांचे त्याच कंपनीतील २०२५ चे सामाजिक सुरक्षा करास पात्र वेतन १,५०,००० हून अधिक होते, त्यांना २०२६ पासून ही वाढीव रक्कम रॉथमध्येच घालावी लागते. योजनेत रॉथची सोयच नसेल, तर त्यांची ही वाढीव संधीच हुकते.

घाईने मर्यादा गाठण्यातही तोटा संभवतो. ऑक्टोबरातच वर्गणी थांबली, तर दर पगाराला मिळणारी कंपनीची भरही अनेक ठिकाणी थांबते. वर्षाअखेरीस फरक भरून देण्याची तरतूद योजनेत आहे का, हे आधीच विचारावे. वर्षाच्या मध्यात नोकरी बदलणाऱ्याने तर स्वतःच हिशेब ठेवावा, कारण नव्या कंपनीला जुन्या कंपनीतील वर्गणी ठाऊक नसते. जादा गेलेली रक्कम पुढील १५ एप्रिलपर्यंत परत काढून घेतली नाही, तर करपूर्व पैशावर दोनदा कर बसतो: एकदा भरल्या वर्षाचा, दुसऱ्यांदा काढल्या वर्षाचा.