‘तू काय दाबलंस?’ : संगणकात घुसणाऱ्या जाहिरातींविषयी



घरच्या संगणकाबद्दल तुमचे जे प्रश्न आपल्या केंद्रावर येतात, त्यांत एक तक्रार पुन्हा पुन्हा येते. शब्द तेवढे वेगळे असतात. कुणी म्हणतं, ‘गूगल उघडायला जावं तर भलतंच पान उघडतं.’ कुणी म्हणतं, ‘खालच्या कोपऱ्यातून सारख्या जाहिराती वर येतात, एक बंद केली की दुसरी.’ कुणाला रोज ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे’ असं लाल अक्षरांत दिसतं. आणि बोलणं संपता संपता जरा हळू आवाजात आणखी एक वाक्य येतं : ‘घरात सगळे मलाच विचारतात, तू काय दाबलंस?’

त्या शेवटच्या वाक्यासाठी मी आज हा विषय घेतला आहे. बचत गटाचा हिशेब, मुलांचे अर्ज, वीज बिल अशी कामं शिकून घेतलेली बाई अशा दोन-चार बोलण्यांनंतर संगणकाला हात लावेनाशी होते. मग पुन्हा ‘पुतण्या आला की करून घेऊ’ सुरू होतं. म्हणून आधी हे सांगते, की हा दोष तुमच्या बोटाचा नाही. यामागे एक धंदा आहे.

आपण ज्या खिडकीतून इंटरनेट बघतो, म्हणजे क्रोम, एज किंवा फायरफॉक्स, तिला ब्राउझर म्हणतात हे तुम्हाला माहीत आहे. आपल्याला न विचारता जाहिराती दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला अ‍ॅडवेअर म्हणतात. ब्राउझरचं पहिलं पान किंवा शोध घेण्याची जागा बदलून आपल्याला दुसरीकडेच नेणारा तो ब्राउझर हायजॅकर, म्हणजे ब्राउझर पळवणारा. फाईली खराब करणारे व्हायरस वेगळे. यांना तुमचा संगणक मोडायचा नसतो, उलट तो चालूच राहायला हवा असतो. तुम्ही त्यांच्या पानावरून शोध घेतलात, जाहिरातीवर बोट ठेवलंत, की कुणाच्या तरी खात्यात पैसे पडतात. एका संगणकाचे अगदी थोडे, पण लाखो संगणकांचे मिळून पुष्कळ.

हे आत शिरतात ते बहुतेक वेळा पुढच्या दाराने, दुसऱ्या कुणाचं बोट धरून. भाजीवाली मूठभर कोथिंबीर वरून टाकते, ती आपल्याला हवीच असते. इथे फुकटच्या प्रोग्रॅमसोबत न मागितलेलं असं काही पिशवीत पडतं, की घरी येऊन तेच सगळं स्वयंपाकघर व्यापतं. प्रोग्रॅम बसवताना ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ असं येतं ना? त्यातल्याच एखाद्या पानावर आधीच बरोबरची खूण केलेली एक बारीक ओळ असते : अमुक टूलबार बसवा, अमुक शोधपान कायमचं करा. आपण ती वाचणार नाही, याच हिशेबाने ती तिथे ठेवलेली असते. हे काही फक्त फालतू वेबसाइटवाले करायचे असंही नाही. जगभर लाखो संगणकांवर असलेला ओरॅकल कंपनीचा जावा हा प्रोग्रॅम बसवताना कित्येक वर्षं ‘आस्क’ नावाचा टूलबार असाच सोबत यायचा.

काही वेळा तर दाबण्याचीही गरज पडली नाही. २०१४ च्या उत्तरार्धात लेनोव्हो कंपनीने घरगुती वापराच्या काही लॅपटॉपवर सुपरफिश नावाचा जाहिराती घुसवणारा प्रोग्रॅम कारखान्यातूनच घालून दिला होता. बँकेच्या पानांना जे सुरक्षेचं कुलूप असतं, ते त्याने कमकुवत होत होतं. फेब्रुवारी २०१५ मध्ये हे उघडकीला आलं आणि कंपनीला तो काढून टाकण्याचं साधन द्यावं लागलं. नवा कोरा लॅपटॉप घेतलेल्या त्या बायकांनी काय दाबलं होतं, सांगा बरं?

आपल्याकडचीही गोष्ट आहे. जून २०१७ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने ‘फायरबॉल’ नावाच्या ब्राउझर पळवणाऱ्या प्रोग्रॅमची माहिती जाहीर केली. तोही फुकटच्या प्रोग्रॅमांबरोबरच पसरला होता. जगात २५ कोटी संगणक आणि त्यांतले अडीच कोटी भारतात, असा त्यांचा अंदाज होता. मायक्रोसॉफ्टने हा आकडा फुगवलेला आहे असं म्हटलं. त्यातला बराच भाग सोडून दिला, तरी उरतो तो काही थोडा नाही.

‘जाहिरातीच तर आहेत, दिसू देत,’ असंही काही जणी म्हणतात. माझं मत स्पष्ट आहे, दिसू देऊ नका. शोधपान दुसऱ्याच्या ताब्यात असलं, की तुम्ही बँकेचा किंवा गॅस एजन्सीचा ग्राहक सेवा क्रमांक शोधता तेव्हा वर कुठला क्रमांक दाखवायचा हे तो दुसरा ठरवतो. तिथे खोटा क्रमांक असला आणि तुम्ही फोन लावलात, तर पलीकडचा माणूस गोड बोलून ओटीपी मागून घेतो. खरा धोका हा आहे. जाहिरातींचा नुसता वैताग असतो.

आता साफसफाई. आजच्या संगणकांवर विंडोज आणि क्रोम जास्त असतात, म्हणून तेच धरून सांगते. जवळ कागद-पेन्सिल घ्या.

सर्वात आधी नोटिफिकेशन बघा, कारण कोपऱ्यातून वर येणाऱ्या जाहिरातींचं मूळ अनेकदा तिथेच सापडतं. एखाद्या पानावर ‘तुम्ही यंत्रमानव नाही हे दाखवण्यासाठी अलाऊ दाबा’ असं आलेलं असतं. ते दाबलं, की त्या वेबसाइटला तुम्हाला कधीही सूचना पाठवायचा परवाना मिळतो. यात प्रोग्रॅम कुठलाच बसलेला नसतो, त्यामुळे अँटिव्हायरसला काही सापडत नाही आणि माणूस चक्रावतो. क्रोममध्ये उजवीकडे वर तीन ठिपके आहेत, तिथून ‘सेटिंग्ज’, मग ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, मग ‘साइट सेटिंग्ज’, मग ‘नोटिफिकेशन्स’. परवानगी दिलेल्या वेबसाइटची यादी दिसेल. अनोळखी नावं एकेक करून काढून टाका. माझं विचाराल तर सगळीच काढा, घरच्या संगणकावर अशा सूचनांवाचून काही अडत नाही. अनेकींची तक्रार इथेच मिटते.

तरीही त्रास राहिला तर विंडोजच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘अ‍ॅप्स’ उघडा. बसवलेल्या प्रोग्रॅमांची यादी तारखेप्रमाणे लावता येते. त्रास सुरू झाला त्या सुमाराला काय काय आलं ते बघा. कूपन, सेल, सर्च, पीडीएफ कन्व्हर्टर, ड्रायव्हर अपडेटर, पीसी क्लीनर अशा नावांवर विशेष नजर ठेवा. तुम्ही बसवलेलं नसेल आणि घरात दुसऱ्या कुणालाही नको असेल, तर ‘अनइन्स्टॉल’ करा. काढतानाही ‘खरंच जाताय? हे ठेवा’ अशी गळ घालणारी बटणं येतात, आणि कधी कधी ‘काढा’चं बटण फिकट आणि ‘ठेवा’चं ठळक असतं. तेव्हा रंग बघू नका, अक्षरं वाचा. छपाईयंत्राच्या, ध्वनीच्या किंवा मायक्रोसॉफ्टच्या नावाचं जे समजत नाही, त्याला हात न लावता नाव कागदावर लिहून विचारा.

मग ब्राउझरची एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला लावलेली जोडकामं. तीन ठिपक्यांतून ‘एक्स्टेन्शन्स’, मग ‘मॅनेज एक्स्टेन्शन्स’. जे रोज वापरत नाही ते काढून टाका. चांगलं असलेलं एक्स्टेन्शन पुढे बिघडू शकतं, हेही लक्षात ठेवा. ‘द ग्रेट सस्पेंडर’ नावाचं एक खरोखर उपयोगी एक्स्टेन्शन लाखो लोक वापरत होते. २०२० मध्ये मूळ मालकाने ते दुसऱ्याला विकलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये घातक म्हणून गूगलला ते बंद करावं लागलं. वापरणाऱ्यांनी मधल्या काळात काहीच केलेलं नव्हतं.

यानंतर ‘सेटिंग्ज’मध्येच ‘रीसेट सेटिंग्ज’ असं आहे, तिथून ब्राउझर मूळ स्थितीला आणा. पहिलं पान आणि शोधपान पूर्ववत होतं, एक्स्टेन्शन्स बंद होतात. जतन केलेले बुकमार्क आणि पासवर्ड जात नाहीत. बऱ्याच वेबसाइटवर पुन्हा लॉगइन करावं लागेल, एवढंच. एज आणि फायरफॉक्समध्येही अशी सोय आहे, फायरफॉक्समध्ये तिला ‘रिफ्रेश’ म्हणतात.

काढलेली पीडा दोन दिवसांनी परत आली, तर दोन जागा तपासा. एकाच गूगल खात्याने घरातले दोन संगणक जोडलेले असले, तर एकावरचं एक्स्टेन्शन दुसऱ्यावर आपोआप येतं, म्हणून दोन्हीकडे सफाई एकाच दिवशी करायची. दुसरी जागा डेस्कटॉपवरचं क्रोमचं चित्र. त्यावर माऊसची उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडा आणि ‘टार्गेट’ची चौकट शेवटपर्यंत वाचा. तिथे मागे एखाद्या वेबसाइटचा पत्ता चिकटवलेला दिसला, तर तेवढा पुसा. तीन ठिपक्यांच्या यादीत तळाशी ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ असं दिसलं, तर मात्र जाणकाराला दाखवा. ऑफिसच्या संगणकावर ते ठीक आहे, काही अँटिव्हायरसमुळेही ते येतं, पण घरच्या संगणकावर बऱ्याचदा ब्राउझर पळवणाऱ्यानेच ते कुलूप घातलेलं असतं.

शेवटी विंडोजमधल्याच ‘विंडोज सिक्युरिटी’कडून ‘फुल स्कॅन’ करून घ्या. याला तास-दोन तास लागू शकतात, तेव्हा रात्रीची भांडी घासायला जाताना लावून द्या. तिथेच ‘अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल’मध्ये नकोसे प्रोग्रॅम अडवण्याची एक कळ आहे, ती चालू आहे ना ते बघा. मालवेअरबाइट्स कंपनीचं अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर हे फुकटचं साधनही चांगलं आहे. पण ते त्या कंपनीच्याच वेबसाइटवरून घ्या, आणि तो पत्ता पळवलेल्या ब्राउझरमध्ये शोधू नका, मोबाइलवर शोधा. चोराला पोलीस चौकीचा पत्ता विचारल्यावर तो कुठे नेईल?

दुरुस्तीवाला लगेच ‘फॉरमॅट मारावा लागेल’ म्हणाला, तर वर सांगितलेलं सगळं करून झालं आहे का, हे आधी विचारा. या त्रासासाठी फॉरमॅटची वेळ क्वचितच येते. आलीच, तर फोटो आणि हिशेबाच्या फाईली पेनड्राइव्हवर घेतल्याशिवाय संगणक हातातून सोडू नका.

पडदाभर लाल पान, कर्कश आवाज आणि ‘या क्रमांकावर ताबडतोब फोन करा’ असं आलं, तर घाबरू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन क्रमांक कधीच नसतो. एस्केपची कळ दाबून धरा. तेवढ्याने पान सुटलं नाही, तर कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट एकदम दाबून ‘टास्क मॅनेजर’ उघडा आणि तिथून ब्राउझर बंद करा. परत उघडल्यावर ‘आधीची पानं आणू का?’ असं विचारलं, तर नको म्हणा.

आता हे पुन्हा येऊ नये म्हणून. आपण ज्या गोष्टींसाठी फुकटचे प्रोग्रॅम शोधत फिरतो, त्यांतल्या कितीतरी विंडोजमध्ये आधीच असतात. मराठी टायपिंगचं उदाहरण घ्या. विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, भाषेच्या सेटिंग्जमध्ये मराठी जोडली की मिळतो. फाईलची पीडीएफ करायची, तर ‘प्रिंट’ म्हणून ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ निवडा. झिप फाईल उघडायलाही वेगळं काही लागत नाही. छपाईयंत्राचा ड्रायव्हर घ्यायचा तो ज्या कंपनीचं यंत्र, तिच्याच वेबसाइटवरून. डाउनलोडच्या पानावर तीन-चार मोठी हिरवी बटणं असतील, तर त्यांतली बहुतेक जाहिरातींची असतात. बसवताना ‘कस्टम’ किंवा ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ हा पर्याय असेल तर तोच घ्या, म्हणजे सोबतच्या वस्तू दिसतात आणि त्यांवरची खूण काढता येते.

मुलं गेम उतरवत असतील, तर त्यांना विंडोजमध्ये वेगळं ‘स्टँडर्ड’ खातं करून द्या. बरेच प्रोग्रॅम बसवताना मग तुमचा पासवर्ड मागितला जाईल. तो पासवर्ड तुमच्याकडे असू द्या, पुतण्याकडे नको.

संगणक स्वच्छ झाल्यावर ई-मेल आणि बँकेचे पासवर्ड बदला. खोट्या क्रमांकावर बोलणं होऊन पैसे गेले असतील, तर घरात काय म्हणतील याचा विचार करत बसू नका, लगेच १९३० वर फोन करा. ही सरकारची सायबर फसवणुकीसाठीची मदतवाहिनी आहे, आणि फोन जितका लवकर, तितकी पैसे वाटेतच अडवता येण्याची शक्यता जास्त. बँकेलाही त्याच वेळी कळवा, पण क्रमांक पासबुकावरचा किंवा एटीएम कार्डाच्या मागचा घ्या. बोलताना व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, वेळ आणि समोरच्याचा फोन क्रमांक हाताशी असू द्या.