‘स्वभावच तसा’ म्हणण्याआधी

आपल्या गोतावळ्यात एखादी मावशी किंवा एखादा काका असा असतोच. कार्याचं जेवण पुरेल की नाही, या काळजीने आदल्या रात्री डोळ्याला डोळा नाही. मुलाने फोन उचलला नाही की थेट अपघाताची शंका. कोणी सहज बोलून गेलेलं वाक्य मनात आठवडाभर घर करून बसलेलं. घरच्यांनी त्यावर केव्हाच शिक्का मारलेला असतो: स्वभावच तसा. पुढे कधीतरी हीच मावशी जेवणावरून उठून जायला लागते, आवडती मालिका लागली तरी बघत नाही, पहाटे तीनला उठून भिंतीकडे बघत बसते. शिक्का मात्र बदलत नाही, आणि डॉक्टरकडे जायला व्हायचा तो उशीर होतोच.

मानसशास्त्रात या स्वभावाला ‘न्यूरॉटिसिझम’ म्हणतात. नाव भीतिदायक असलं तरी हा आजार नव्हे. उंचीसारखं आहे ते, प्रत्येकात असतंच. कोणात कमी, कोणात जास्त. लंडनच्या हान्स आयझेंक यांनी १९४७ मधल्या आपल्या पुस्तकात व्यक्तिमत्त्वाचं हे एक मुख्य परिमाण म्हणून मांडलं. (आयझेंक हे भलतं वादग्रस्त प्रकरण. व्यक्तिमत्त्वामुळे कॅन्सर होतो, असं सांगणारे आणि तत्सम २६ शोधनिबंध किंग्ज कॉलेजच्या चौकशीत २०१९ साली अविश्वसनीय ठरले. न्यूरॉटिसिझमची मोजणी मात्र इतरांच्या हातात पुनःपुन्हा तपासली गेली आणि टिकली.) चिंता, चिडचिड, बुजरेपणा, ताण आला की गळाठून जाणं, हे सगळं या एका मापात येतं.

या मापात वर असलेल्यांना डिप्रेशनचा धोका जास्त असतो, हे आता पुरतं सिद्ध झालेलं आहे. स्वीडनमध्ये १९७२-७३ साली हजारो जुळ्यांकडून स्वभावाची प्रश्नावली भरून घेतली होती. सुमारे २५ वर्षांनी त्यातल्या २० हजारांहून अधिक जणांची डिप्रेशनसाठी तपासणी झाली. केनेथ केंडलर आणि सहकाऱ्यांनी दोन्हींचा मेळ घातला, तेव्हा त्या जुन्या प्रश्नावलीतला न्यूरॉटिसिझमचा आकडा पुढच्या डिप्रेशनचं भाकीत ठळकपणे करत होता. दोन्हींच्या मुळाशी असलेल्या जनुकांतही बरीच भागीदारी दिसते. स्वभावात माणसामाणसांत जो फरक असतो, त्याचा साधारण ४० टक्के भाग आनुवंशिक असतो. उरलेलं आयुष्य घडवतं.

पण हळव्या स्वभावातून डिप्रेशनपर्यंत माणूस पोचतो कसा? याचं मला सर्वांत पटलेलं उत्तर एका भूकंपाने दिलं. सुझन नोलेन-होक्सेमा तेव्हा स्टॅनफर्ड विद्यापीठात होत्या. मन खट्टू झालं की तुम्ही काय करता, असं त्यांनी विद्यार्थ्यांना विचारून ठेवलं होतं. काही जण मित्रांकडे जातात, खेळतात, कामाला लागतात. काही जण मात्र मला असं का वाटतं, माझंच का असं होतं, हे तेच तेच उगाळत बसतात; हळव्या स्वभावाच्या माणसांत ही सवय जास्त दिसते. ही प्रश्नावली भरून झाल्यावर चौदा दिवसांनी, १७ ऑक्टोबर १९८९ च्या संध्याकाळी, कॅलिफोर्नियात लोमा प्रिएटाचा ६.९ तीव्रतेचा भूकंप झाला. ओकलंडमध्ये दुमजली महामार्गाचा वरचा मजला खालच्या गाड्यांवर कोसळला. एकूण ६३ माणसं गेली. स्टॅनफर्डच्या इमारतींनाही तडे गेले.

संशोधकाला मागूनही मिळणार नाही अशी संधी होती. सगळ्यांवर एकाच क्षणी एकच संकट आलेलं, आणि त्याआधीची मनःस्थिती कागदावर नोंदलेली. भूकंपानंतर दहा दिवसांनी आणि पुन्हा सात आठवड्यांनी त्याच विद्यार्थ्यांना गाठण्यात आलं. ज्यांना आधीपासून उगाळत बसायची सवय होती, त्यांच्यात नैराश्याची लक्षणं जास्त होती आणि सात आठवड्यांनंतरही ती रेंगाळत होती. मुळात कोण किती उदास होतं, हा हिशेब वजा केल्यावरही फरक उरलाच. जमीन सगळ्यांच्याच पायाखालची हलली होती. ज्यांच्या मनाला चघळायची खोड होती, त्यांच्यासाठी ती हलतच राहिली.

इथे एक गोची आहे, आणि या विषयावरच्या उत्साही लेखांत ती सहसा गाळली जाते. न्यूरॉटिसिझमच्या प्रश्नावलीत ‘विनाकारण वाईट वाटतं का’, ‘अपराधी वाटतं का’ अशा धर्तीचे प्रश्न असतात. डिप्रेशनच्या प्रश्नावलीत वेगळं काय असतं? एकच गोष्ट दोन नावांनी मोजली तर त्यांचं नातं घट्ट दिसणारच. शिवाय डिप्रेशनमध्ये असलेला माणूस प्रश्नावली भरताना आपला सगळा स्वभावच काळ्या चष्म्यातून बघतो. २०१६ साली ५९ दीर्घकालीन अभ्यासांचा एकत्र आढावा घेण्यात आला. आधीची लक्षणं आणि आधी होऊन गेलेला मानसिक आजार हिशेबात धरल्यावर स्वभाव आणि पुढचे मानसिक आजार यांच्यातलं नातं निम्म्यावर आलं. उरलेलं निम्मं मात्र चिवट निघालं. वर्षं उलटली तरी ते फारसं ओसरलं नाही.

म्हणून घरात पारखायची गोष्ट एकच. माणूस हळवा आहे का, हे विचारून काही हाती लागत नाही. त्याच्या नेहमीच्या हळवेपणाच्या मानाने काय बदललं, हे बघायचं. काळजी करणारी मावशी काळजी करत करतच पुरणपोळ्या लाटते, पाहुण्यांशी गप्पा मारते. तिचा रस आटला, भूक-झोप बिघडली, हालचाल मंदावली आणि हे दोन आठवडे रोज, दिवसाचा बराचसा वेळ टिकलं, तर स्वभावाचं नाव पुढे करायची सोय उरत नाही. अशा वेळी केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवता येतो.

राहिलं ते ‘स्वभावाला औषध नाही’ हे आजीच्या तोंडचं वाक्य. टोनी टँग यांच्या गटाने २००९ साली डिप्रेशनच्या २४० रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना पॅरॉक्सेटिन हे औषध, काहींना बोधनात्मक उपचार म्हणजे विचारांच्या सवयी तपासून बदलायला शिकवणारे उपचार, आणि काहींना दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी. या पोकळ गोळीनेही अनेकांचं डिप्रेशन कमी झालं, पण त्यांचा न्यूरॉटिसिझम जवळपास जागचा हलला नाही. औषध घेणाऱ्यांचा मात्र त्यांच्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त उतरला. डिप्रेशन तितकंच उतरलेल्या दोघांची तुलना केली तरीही. बोधनात्मक उपचारांनीही तो उतरला, पण तिथे डिप्रेशनमधली सुधारणा वजा केल्यावर फरक ठामपणे सांगण्याजोगा उरला नाही. आणि औषधाने बरे झालेल्यांपैकी ज्यांचा न्यूरॉटिसिझम जास्त उतरला होता, त्यांच्यात डिप्रेशन उलटण्याचं प्रमाण कमी आढळलं.