भाडं बदलण्याआधीचं गणित

मुंबईची पहिली एसी लोकल २५ डिसेंबर २०१७ रोजी बोरिवलीहून सुटली. ५ मे २०२२पासून तिचं एकेरी तिकीट जवळपास निम्म्यावर आलं. त्यानंतर प्रवासी किती वाढले, हे मोजता येतं. पण उद्या पासही स्वस्त केला तर काय होईल? त्यासाठी ‘संरचनात्मक अर्थमिती’ कामी येते. बोरिवलीकर भाडं, वेळ आणि गर्दी यांना किती महत्त्व देतो, हे त्याच्या रोजच्या निवडींवरून काढायचं आणि न घडलेलं धोरण त्यावर तपासायचं. सॅन फ्रान्सिस्को परिसरातली ‘बार्ट’ रेल्वे किती प्रवासी वापरतील, याचं अर्थतज्ज्ञ डॅनियल मॅकफॅडन यांनी याच पद्धतीने केलेलं भाकीत ६.३ टक्के होतं, सरकारी अंदाज १५ टक्के, प्रत्यक्षात ६.२ टक्के निघाले. २००० साली त्यांना नोबेल मिळालं. आपल्याकडेही भाडं ठरवण्याआधी हे गणित मांडून प्रवाशांसमोर ठेवायलाच हवं.