चाकाखालचं गणित – भाग ७ : दोनशे घोड्यांची पिकअप भांडगावात कुणाच्या कामाची?

मागच्या भागात जुनी पिकअप घेताना चेसिस, पाटे आणि कागदपत्रं कशी तपासायची ते पाहिलं. आजचा प्रश्न पैसेवाल्यांचा आहे. उसाचं बिल जमा झालंय, नाहीतर महामार्गालगतच्या जमिनीचे पैसे आलेत. घ्यायची तर पिकअपच घ्यायची. मग ती दणकट इंजिनाची, सुसाट पळणारी, चारचौघांत उठून दिसणारी का घेऊ नये?

पुणे-सोलापूर महामार्गावर यवत सोडलं की भांडगाव लागतं, पुढे वरवंड आणि पाटस. या पट्ट्यात पिकअपवर कित्येक घरांची चूल पेटते. गुऱ्हाळावरचा गूळ, चाळीतला कांदा, दुधाचे कॅन, कोंबडीखाद्याची पोती, मांडववाल्याचे खांब आणि तुकोबांची पालखी आली की दिंड्यांचं सामान, सगळं हिच्याच हौद्यात. बोलेरो पिकअप सगळ्यांत जास्त, तिच्या जोडीला टाटाच्या योद्धा आणि इंट्रा, लहानसहान भाड्याला छोटा हत्ती. अलीकडे ढाब्यांसमोर आणखी एक जात उभी दिसते. पांढरी पाटी, पाच माणसांची ऐसपैस केबिन, मागे आखूड हौदा आणि त्यावर झाकण. इसुझूने २०१६ मध्ये व्ही-क्रॉस आणली, टोयोटाने २०२२ मध्ये हायलक्स.

दोघींचे आकडे डोळे दिपवणारे आहेत. हायलक्सचं २.८ लिटर डिझेल इंजिन २०४ अश्वशक्तीचं, ऑटोमॅटिक गिअरला ५०० न्यूटन-मीटर टॉर्क. व्ही-क्रॉसचं आताचं १.९ लिटर इंजिन १६३ अश्वशक्तीचं. बोलेरो पिकअपचं अडीच लिटरचं इंजिन मात्र ७५ अश्वशक्तीच्या आसपास घुटमळतं. आता ओझ्याचा आकडा पाहा. बोलेरोचं १.७ टनी मॉडेल नावाप्रमाणे १,७०० किलो माल नेतं. हायलक्सची वहनक्षमता त्याच्या निम्मीही भरत नाही. ताकद पावणेतीन पट आणि ओझं निम्म्याहून कमी, हे कसं?

ओढायला किती घोडे लागतात?

ढोबळ हिशेब करू. मालासकट तीन टनांची पिकअप सपाट रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरने चालली आहे. इंजिनाला दोनच गोष्टींशी झगडायचं असतं: टायरचं रस्त्याशी होणारं घर्षण आणि समोरून येणारी हवा. या वेगाला दोन्ही मिळून साधारण ८५० न्यूटनचा विरोध होतो. त्याला पुरून उरायला सुमारे २५ अश्वशक्ती लागते.

आता तीच गाडी चढावर घ्या. यवतहून भुलेश्वराच्या डोंगराकडे निघालात आणि शंभर मीटरला सहा मीटर चढ लागला असं धरा. तीन टन घेऊन ताशी ३० च्या वेगाने चढायला लागणारी ताकद पुन्हा २५ अश्वशक्तीच्या घरातच येते. गिअरमधली आणि चाकापर्यंतची गळती धरली, वर थोडी शिल्लक ठेवली, तरी ७५ अश्वशक्तीचं इंजिन हे काम निमूट करतं.

पुण्यातच घडलेलं एक उदाहरण याहून बोलकं आहे. टाटांनी २००५ मध्ये छोटा हत्ती आणला तेव्हा त्याचं इंजिन दोन सिलिंडरचं, ७०२ सीसीचं आणि अवघ्या १६ अश्वशक्तीचं होतं. पाऊण टन माल घेऊन तो गल्लीबोळांत शिरला आणि तीनचाकी टेम्पोवाल्यांना चार चाकांवर घेऊन आला. माल हलवायला घोडे लागतात ते थोडेच. घोड्यांची खरी गरज पडते ती मालाने लवकर वेग घ्यावा म्हणून. हायलक्सची उरलेली पावणेदोनशे अश्वशक्ती खर्ची पडते ती ओव्हरटेकला आणि ताशी शंभरच्या पुढे.

पळण्याची किंमत ओझ्यात मोजावी लागते

पळणाऱ्या पिकअपचं माहेर अमेरिका. फोर्डची एफ-सिरीज तिथे वर्षानुवर्षं सर्वाधिक खपणारी गाडी आहे. त्याच कुळातून पुढे वाळवंटात उडवायची रॅप्टर निघाली आणि तिला टक्कर द्यायला रॅम कंपनीने २०२१ सालच्या मॉडेलात टीआरएक्स काढली. ६.२ लिटरचं सुपरचार्जर लावलेलं आठ सिलिंडरी इंजिन, ७०२ अश्वशक्ती. जवळपास तीन टनांची ही गाडी साडेचार सेकंदांत ताशी ९६ किलोमीटर गाठते.

तिची वहनक्षमता किती? सुमारे ६०० किलो. तिच्याच घरातली साधी रॅम १५०० योग्य इंजिन-चेसिस निवडली तर हजार किलोंच्या वर नेते. कारण सस्पेन्शनमध्ये आहे. खड्ड्याखळग्यांतून भरधाव जाताना चाक वर-खाली भरपूर हललं पाहिजे, म्हणून स्प्रिंग मऊ आणि लांब पल्ल्याची ठेवावी लागते. मऊ स्प्रिंगवर ओझं टाकलं की गाडी बसते. उलट बोलेरोचे मागचे पाटे ओझ्यासाठीच घडवलेले असतात. रिकामी गाडी गतिरोधकावरून नेली की मागचं चाक जमीन सोडतं आणि ड्रायव्हरचं डोकं टपाला लागतं. दीड टन भरला की पाटे सपाट होतात, मागची बाजू बोटभर खाली येते आणि तीच गाडी मऊ चालू लागते. एकाच पाट्याला दोन्ही कामं सारखी जमत नाहीत. हायलक्स आणि व्ही-क्रॉस मधल्या वाटेने जातात. त्यांनाही मागे पाटेच आहेत, पण बेतलेले केबिनमधल्या माणसांच्या सोयीने.

हौदाही तसाच. बोलेरोच्या मोठ्या मॉडेलला नऊ फुटी हौदा मिळतो. तिन्ही बाजूंचे फाळके पाडले की हमाल कुठूनही भरतो. हायलक्स-व्ही-क्रॉसला पाच माणसांच्या केबिनमुळे हौद्यात जेमतेम पाच फूट उरतात, बाजूच्या भिंती पक्क्या आणि फाळका फक्त मागे. गाडीची एकूण लांबी मात्र सव्वापाच मीटरच्या पुढे. केडगावच्या बाजारात कांद्याच्या गर्दीत ती वळवून बघा म्हणजे कळेल.

गुळाच्या ढेपा आणि डिझेल

भांडगावच्या गुऱ्हाळावरून गुलटेकडीला दीड टन गूळ न्यायचा आहे. दहा किलोच्या दीडशे ढेपा. बोलेरोत एका फेरीत जातात. हायलक्समध्ये अर्धा टन बसला असं धरलं तरी तीन फेऱ्या. जाऊन-येऊन शंभर किलोमीटर. भरलेल्या बोलेरोने लिटरला तेरा दिले आणि डिझेल नव्वद रुपये धरलं तर सातशेच्या आसपास खर्च. हायलक्सने दहा दिले तर फेरीला नऊशे, तीन फेऱ्यांचे सत्तावीसशे. शिवाय पांढऱ्या पाटीवर भाडं मारता येत नाही, ते वेगळंच. स्वतःचा माल नेला तरी गूळ भरायला उभा राहिलेला माणूस तीनदा कोण पोसणार?

हप्त्याचा हिशेब त्याहून कडक आहे. दहा टक्के व्याजाने पाच वर्षांचं कर्ज घेतलं तर लाखामागे महिन्याला साधारण २,१२५ रुपये हप्ता बसतो. दहा लाखांच्या गाडीला एकवीस हजार, बत्तीस लाखांच्या गाडीला अडुसष्ट हजार. पहिली गाडी आपला हप्ता स्वतः कमावते. दुसरीचा हप्ता उसाच्या बिलातून नाहीतर पगारातून जातो. विमा आणि टायर दोन्हींना लागतात, पण महाग गाडीचं सगळंच महाग. आणि बोलेरोचं क्लच बिघडलं तर यवत-चौफुल्याच्या कुठल्याही मिस्त्रीकडे दिवसाभरात काम होतं. चौकात दुरुस्त होणारी गाडी आणि सुट्या भागाची वाट पाहत उभी राहणारी गाडी, यातला फरक धंदेवाल्याला सांगावा लागत नाही.

रस्ता किती पळू देतो?

२०१८ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेनुसार चौपदरी महामार्गावर मोटारींना ताशी १०० पर्यंत मुभा आहे, मालवाहू गाड्यांना ८०. म्हणजे पिवळ्या पाटीच्या पिकअपला घोडे कितीही जोडा, कायदा ८० वर थांबवतो. मोटारीला १०० ची मुभा मिळाली, तरी भांडगाव ते पुणे पन्नासेक किलोमीटरमध्ये ८० ऐवजी १०० ने गेल्यास वाचतात फार तर साडेसात मिनिटं, आणि ती हडपसरच्या पहिल्या कोंडीतच गुडुप होतात.

रात्री तर वेग आणखी महागात पडतो. गाळपाच्या हंगामात, नोव्हेंबरपासून पुढे, याच रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर असतात. मागे रिफ्लेक्टर असला तर तो पाचटाखाली झाकलेला, दिवा असला तर तुटलेला. डिपर मारलेल्या दिव्यांत पुढचं ४०-५० मीटर दिसतं. कोरड्या रस्त्यावर ताशी ६० ने जाताना ट्रॉली दिसली, सेकंदभरात पाय ब्रेकवर गेला, तर गाडी साधारण ४० मीटरमध्ये थांबते. ताशी १०० ला हेच अंतर नव्वद मीटरच्या पुढे जातं. ७५ घोड्यांची असो की दोनशेची, थांबायला लागणारं अंतर इंजिन कमी करत नाही. ते ठरवतात ब्रेक, टायर आणि वजन. तीच गोष्ट फोर-व्हीलची. काळ्या रानात कालव्याच्या कडेने चिखलात रुतलेली गाडी फोर-व्हील बाहेर काढतं, पण ओल्या डांबरावर थांबायला त्याचा काडीइतका उपयोग नाही.

मग घ्यावी कुणी?

या गाड्यांना काही अर्थच नाही असं म्हणणं खोटं ठरेल. बागायत दोन-तीन गावांत पसरलीय, पावसाळ्यात बांधापर्यंत जायचंय, सोबत मोटार, पाइप, औषधाचे डबे न्यायचेत आणि संध्याकाळी त्याच गाडीतून घरच्यांना घेऊन लांबच्या लग्नाला जायचंय, अशा माणसाला दुहेरी केबिनची फोर-व्हील पिकअप खरोखर उपयोगी आहे. एअरबॅग, स्थिरता राखणारी यंत्रणा, चांगले ब्रेक यांचे पैसे वसूल होतात. पण त्या माणसानेही पैसे मोजावेत ते केबिन, फोर-व्हील आणि सुरक्षेसाठी. इंजिनाचा जोर हा त्यासोबत येणारा भाग आहे, त्यापायी वरचं मॉडेल घेण्याची गरज नाही. ज्याला हौस म्हणून घ्यायची आहे त्याने खुशाल घ्यावी. फक्त ती शेतीच्या खर्चात न मांडता हौसेच्या खर्चात मांडावी, म्हणजे पुढे कर्जाची ओढाताण होत नाही.

साध्या पिकअपवाल्यांनाही एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. बळी फक्त वेगवान गाडी घेत नाही, भलत्या कामाला जुंपलेली गाडीही घेते. ऑगस्ट २०२५ मध्ये खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या बायकांनी भरलेली पिकअप चढावर मागे सरकून खोल कोसळली आणि कित्येक घरं एका दिवसात उघडी पडली. हौद्यात माणसं बसवली की वजन वर जातं, माणसं वळणाला एका बाजूला कलतात, धरायला आधार नसतो. पाटे आणि ब्रेक मालासाठी जोखलेले असतात, जिवंत माणसांसाठी नाही. विम्याच्या दाव्यात वाद उभा राहतो तो निराळा. लग्नाला, देवाला, दिंडीला जायचं तर बस किंवा जीप ठरवा.

लायसनबद्दलही एक गैरसमज आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केलं की हलक्या मोटार वाहनाच्या लायसनवर साडेसात टनांपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं. पिकअप त्यात सहज बसते. वेगळ्या लायसनसाठी एजंटाला पैसे मोजण्याआधी एवढं लक्षात ठेवा.

शोरूममध्ये शिरण्याआधी तीन गोष्टी वहीत लिहा: वर्षातून किती दिवस अर्ध्या टनापेक्षा जास्त माल न्यायचा आहे, किती दिवस चिखलातून जायचं आहे, आणि किती दिवस पाच माणसं सोबत असतील. पहिला आकडा मोठा असेल तर पिवळ्या पाटीची साधी पिकअप घ्या. दुसरा आणि तिसरा मोठा असेल तर दुहेरी केबिनकडे बघा. तिन्ही लहान असतील तर तुम्हाला पिकअप नको, कार हवी आहे, आणि उरलेल्या पैशांत ठिबक बसेल.

पुढच्या भागात : पासिंग, फिटनेस आणि ओव्हरलोडचा दंड. पिवळ्या पाटीचा वर्षाचा खरा खर्च.